काळ्या खडकांचें रोगण

(नभोवाणीवरील भाषण)

कॅलिफोर्नियाच्या आग्नेय भागांत मोहावीचें वाळवंट पसरलेलें आहे. त्यांतील सिमा नांवाच्या टापूंत चाळीसच्या आसपास लहान ज्वालामुखी शंकू उभे असून त्यांच्या पायथ्यापासून निघालेले लाव्हाचे ओघ दूरवर थिजून पडलेले दिसतात. कांहीं ओघ सत्तर लक्ष वर्षांहून जुने, तर सर्वांत धाकटा सुमारें १२ हजार वर्षांपूर्वींचा. भर दुपारीं तेथें पोंचलेल्या प्रवाशाला प्रथम जाणवतें तें खडकांचें काळेपण. डांबरासारखें गडद, आणि सूर्य कलला म्हणजे तेल चोळल्यासारखें चकाकणारें. लाव्हा काळाच असावयाचा, त्यांत नवल तें काय, असें म्हणून तो पुढें जाईल. परंतु हातोडीनें एक जुना धोंडा फोडून पाहिला, तर मात्र तो थबकेल. आंतला दगड राखी रंगाचा असतो. गडद काळें असतें तें केवळ वरचें पुट. तेंहि इतकें पातळ, कीं त्याची जाडी नखानें अजमावूं गेल्यास कांहींच हातीं लागत नाहीं.

शास्त्रज्ञ या पुटाला खडकाचें रोगण म्हणतात, आणि नांव समर्पक आहे. सुतार लाकडावर रोगणाचे हात चढवितो, तसे येथें खडकावर कोणी तरी हातांवर हात चढविलेले असतात. हा कारागीर कोण, त्याचें साहित्य कोठून येतें, आणि एक हात द्यावयास त्याला किती काळ लागतो, या तीन प्रश्नांनीं दोनशें वर्षें विद्वानांना गुंतवून ठेविलें आहे. शेवटच्या प्रश्नाशीं तर एका काळीं अमेरिकेंतील मनुष्याच्या आगमनाचा वाद जोडला गेला होता. त्या वादांत या मुक्या पुटाला साक्षीदार म्हणून उभें करण्यांत आलें, आणि साक्ष टिकली नाहीं. ती हकीगत पुढें येईलच.

या विषयाचा आरंभ वाळवंटांत झाला नाहीं, तो एका महानदीच्या कांठीं झाला. जर्मन प्रवासी आलेक्सांडर फॉन हंबोल्ट हा १८०० सालीं दक्षिण अमेरिकेंतील ओरिनोको नदीच्या प्रपातांपाशीं गेला असतां तेथील ग्रॅनाइटचे खडक त्याला काळेभोर व चकचकीत दिसले. खडक उन्हानें करपले आहेत, अशी तेथील पाद्र्यांची समजूत होती. काळ्या खडकांवर रात्रीं निजणें प्रकृतीला घातक, असाहि लोकांचा विश्वास होता. पुढें या पुटाचें परीक्षण झालें. स्वीडनचा विख्यात रसायनज्ञ बर्झेलियस याच्या परीक्षणांत लोह आणि मँगॅनीज या दोन धातूंचीं भस्में, म्हणजे प्राणवायूशीं झालेलीं त्यांचीं संयुगें, आढळलीं. १८३२ सालीं तरुण चार्ल्स डार्विन ब्राझीलच्या बाहिया बंदरीं उतरला. तेथें समुद्राला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या मुखाशीं त्यानें तसेंच तपकिरी पुट पाहिलें, हंबोल्टच्या वर्णनाशीं तें ताडून पाहिलें, आणि त्याचें मूळ कोणाला उमगलेलें नाहीं, अशी सरळ कबुली दिली. नदीकांठचें पुट आणि वाळवंटांतील पुट हीं सख्खीं नव्हत, चुलत भावंडें होत. पण धातु तेच.

मँगॅनीज हें नांव मराठी घरांना अगदींच परकें नाहीं. नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील खाणींतून त्याचें खनिज निघतें. विहिरीच्या पाण्यांत टाकावयाच्या जांभळ्या पुडींत, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटांत, हाच धातु असतो. ती पूड ओल्या बोटांना लागली म्हणजे मागें जो हट्टी तपकिरी डाग राहतो, तो मँगॅनीजच्या भस्माचाच. हातबत्तीच्या जुन्या पद्धतीच्या सेलमधील काळी भुकटीहि मुख्यतः तीच. वाळवंटांतील खडकांना असाच डाग पडलेला असतो, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. मात्र तो पडावयास हजारों वर्षें लागलेलीं असतात.

डाग आला कोठून? पहिल्या पिढ्यांतील अनेक शास्त्रज्ञांचें उत्तर असें, कीं हा खडकाचाच घाम. पावसाचें पाणी खडकांत मुरतें, आंतील लोह व मँगॅनीज विरघळवितें, मग उन्हाच्या तापानें तें पाणी पृष्ठभागाकडे ओढलें जातें, वाफ होऊन उडून जातें, आणि धातूंचा सांका मागें राहतो. कल्पना सुटसुटीत होती. माठाच्या बाहेरच्या अंगावर क्षारांची पांढरी खरपुडी धरते, ती याच रीतीनें, हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. पण निसर्ग नेहमीं सुटसुटीत कल्पनेप्रमाणें वागतोच असें नाहीं. शुभ्र गारगोटीवरहि तेंच काळें रोगण सांपडूं लागलें. गारगोटींत मँगॅनीज जवळ जवळ नसतोच. मग तिला घाम येणार तरी कशाचा? सूक्ष्मदर्शकाखालीं पातळ काप धरून पाहिले, तेव्हां खडक आणि रोगण यांमधील सीमा बहुतेक ठिकाणीं सुरीनें कापल्यासारखी स्पष्ट दिसली. आंतून पाझरलेल्या पदार्थाची सीमा अशी नसते.

निर्णायक पुरावा पुढें आला तो १९७७ सालीं. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील पॉटर आणि रॉसमन या दोघांनीं अवरक्त किरणांच्या साहाय्यानें रोगणाची तपासणी केली, आणि त्याचा सुमारें ७० टक्के भाग निव्वळ चिकणमातीचा असल्याचें दाखविलें. लोह व मँगॅनीजचीं भस्में उरलेल्या भागांत. डोळ्यांना दिसतो तो काळा रंग मँगॅनीजचा खरा, पण पुटाचा देह मातीचा. आणि ही माती त्या खडकाची नव्हे. ती वाऱ्यानें आणलेली धूळ आहे.

ही धूळ कोठली, याचें उत्तर सिमाच्या परिसरांतच मिळतें. या लाव्हाच्या पश्चिमेस आज सोडा लेक व सिल्व्हर लेक अशा नांवांचीं दोन कोरडीं, पांढरीं मैदानें आहेत. नांवांतील 'लेक' हा शब्द आज थट्टेसारखा वाटतो, परंतु हिमयुगाच्या अखेरच्या काळांत तेथें खरोखरच एक मोठें सरोवर होतें. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला मोहावी सरोवर म्हणतात. हवामान कोरडें होत गेलें, सरोवर आटलें, तळाचा गाळ उघडा पडला, आणि वारा तो उचलून पूर्वेकडील लाव्हावर टाकूं लागला. त्या धुळीनें लाव्हाच्या खांचखळग्यांत घर केलें.

तेथील आणखी एक चमत्कार याच धुळीचा आहे. जुन्या लाव्हावर सपाट जागीं दगडांची एक फरसबंदी आढळते. लहान लहान काळे दगड एकमेकांना खेटून इतके नीट बसलेले असतात, कीं गवंड्यानें बसविले असावेत. त्यांच्याखालीं मात्र हात दोन हात खोल मऊ, बिनदगडी माती. पूर्वीं समजूत अशी, कीं वाऱ्यानें बारीक माती उडवून नेली आणि दगड तेवढे मागें उरले. सिमाच्या टापूंत मॅकफॅडन, वेल्स आणि जर्सिनोविच यांनीं १९८७ सालीं हें चित्र उलटें केलें. माती उडून गेली नव्हती, आली होती. धूळ दगडांच्या फटींतून खालीं उतरते, पावसानें फुगते, उन्हानें आकसते, आणि दगडांना कणाकणानें वर उचलते. दगड जन्मापासून पृष्ठभागावरच राहिले; त्यांच्याखालची जमीन वाढली. अशा दगडांची वरची बाजू काळी आणि मातींत टेकलेली खालची बाजू नारिंगी असते. खालीं मँगॅनीजला फारसें स्थान नाहीं, लोहाचें राज्य. एखादा दगड कोणीं उलटला असेल, तर तें रंगावरून ताबडतोब ओळखतां येतें, आणि ती चोरी पिढ्यान्‌पिढ्या झांकत नाहीं.

आतां एक हात कसा चढतो तें पाहूं जातां, सुईच्या अग्राएवढ्या जागेंत जावें लागतें. लाव्हाचा पृष्ठभाग खडबडीत असतो. त्यावर एक दोन मिलिमीटर रुंदीचीं असंख्य लहान वाट्यांसारखीं ठिकाणें असतात. या वाट्यांत धूळ बसते. पहाटेचें दंव पडतें, क्वचित् पावसाची सर येते, आणि वाटींत क्षणभर पाणी सांचतें. पावसाचें पाणी किंचित् आम्ल असतें. तें धुळींतील मँगॅनीजचा अल्पसा अंश विरघळवितें. लोहाला विरघळवावयास याहून तीव्र परिस्थिति लागते, म्हणून तें बहुतेक जागच्या जागीं राहतें. नंतर सूर्य वर येतो, पाणी सुकतें, आणि विरघळलेल्या मँगॅनीजचा प्राणवायूशीं संयोग होऊन त्याचें काळें भस्म मातीच्या कणांमध्यें बसतें. तें एकदां बसलें म्हणजे सहसा उठत नाहीं. गवंडी चुन्यानें विटा सांधतो, तसे मातीचे कण त्या भस्मानें सांधले जातात. सैल धूळ वारा पुन्हां उडवून नेतो, सांधलेली राहते. मग नवी धूळ, नवें दंव.

येथवर सर्वांचें एकमत आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं. खरी अडचण आंकड्यांत आहे. पृथ्वीच्या कवचांत मँगॅनीजचें प्रमाण हजारांत एक भागाच्या जवळपास. रोगणांत तें शेंकडा दहा, कधीं वीसपर्यंत चढतें. म्हणजे शंभर पटींहून अधिक! केवळ दंव आणि ऊन एवढ्यांनीं धुळींतून ही निवड होऊं शकेल काय? १९८१ सालीं अमेरिकन संशोधकांनीं असा पक्ष मांडला, कीं हें काम सूक्ष्म जंतूंचें आहे. मँगॅनीजला प्राणवायूशीं जोडणारे जंतु आहेत, हें प्रयोगशाळेंत सिद्ध झालेलें होतें, आणि रोगणावरून खरवडलेल्या नमुन्यांतहि ते सांपडले. आक्षेप घेणारांचें म्हणणें वेगळें होतें. जंतूंचें काम झपाट्याचें असतें. त्यांनींच हें पुट घातलें असतें, तर तें इतक्या कूर्मगतीनें कां वाढावें? आक्षेपांत तथ्य होतें. जंतूंच्या बाजूनें उत्तर देण्यांत आलें, कीं वाळवंटांत ते वर्षाचे बहुतेक दिवस निजलेलेच असतात.

या वादांत २०२१ सालीं एक नवी आणि फार मनोरंजक बाजू पुढें आली. कॅलिफोर्नियांतील संशोधकांना रोगणांत नीलहरित वर्गाचे सूक्ष्म जीव मोठ्या संख्येनें राहतांना आढळले. हे जीव उन्हावर जगतात. पण वाळवंटांतील ऊन त्यांना अन्नहि देतें आणि जाळतेंहि. प्रखर किरणांनीं पेशींत विषारी द्रव्यें उत्पन्न होतात, त्यांच्यावर उतारा म्हणून हे जीव आपल्या अंगांत मँगॅनीजचा भरमसाट सांठा करतात. ते मेले म्हणजे तो सांठा खडकावर राहतो आणि काळा पडतो. म्हणजे कारागिराच्या मनांत रोगण लावण्याचा हेतु मुळींच नसून तो आपला जीव वांचवीत होता, आणि रोगण हा त्याच्या मृत्यूनंतरचा शेष. हें स्पष्टीकरण प्रमाणाचें कोडें बऱ्याच अंशीं सोडवितें, आणि आजवरच्या उपपत्तींत तें सर्वांत पटण्यासारखें आहे. तरी प्रत्येक वाळवंटांतील प्रत्येक पुट असेंच झालें, असा निकाल देण्याची घाई करूं नये. निर्जीव रसायनक्रियेचा पक्ष अद्यापि जिवंत आहे. पेकिंग विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१९ सालीं दाखविलें, कीं हीं धातुमय पुटें स्वतःच सूर्यप्रकाशाचें विजेंत रूपांतर करूं शकतात. खडकाच्या अंगावर असा अखंड चालणारा विद्युद्‌व्यापार असेल, तर त्याचा रासायनिक परिणाम कांहींच होत नसेल, असें कोण म्हणेल?

कारागिराविषयीं असे मतभेद आहेत, पण त्याच्या संथपणाविषयीं नाहींत. वॉलेस ब्रोकर आणि तान्झुओ लिऊ यांनीं वय ठाऊक असलेल्या लाव्हावरील व दगडांवरील रोगणाची जाडी मोजली. वाढीचा वेग ठिकाणागणिक फार बदलतो. हजार वर्षांत एक मायक्रॉनाहूनहि कमी, तर कोठें चाळीस मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हजार वर्षांत दहा मायक्रॉन हा वेग धरला, तर लिहावयाच्या कागदाएवढी जाडी यावयास दहा हजार वर्षें पाहिजेत. रामराज्याच्या कल्पनेंतहि इतका निवांतपणा नसेल!

लिऊ यांनीं त्या लहान वाट्यांतील रोगणाचे अतिशय पातळ काप घेऊन त्यांतून प्रकाश सोडला, तेव्हां आंत एकावर एक पट्टे दिसले: काळा, नारिंगी, पुन्हां काळा, पिंवळा. काळ्या पट्ट्यांत मँगॅनीज भरपूर, नारिंगी व पिंवळ्या पट्ट्यांत तुटपुंजा. ओलाव्याच्या काळांत मँगॅनीज अधिक सुटतो व सांचतो; कोरड्या काळांत क्षारयुक्त धूळ वाढते आणि तो सुटत नाहीं, असा याचा अर्थ लावण्यांत येतो. ज्या काळांत डेथ व्हॅलींत खोल सरोवर होतें, त्या काळाचे पट्टे काळे. गेल्या अकरा बारा हजार वर्षांचे बहुतांशीं फिकट. अगदीं वरच्या थरांत शिसें सांपडतें. तें विसाव्या शतकांतील कारखान्यांच्या व मोटारींच्या धुराचें. हिमयुगापासून पेट्रोलच्या धुरापर्यंतचा इतिहास असा एका नखाएवढ्या कापांत, केसाहून थोड्या अधिक जाडींत, उतरला आहे.

श्रोत्यांच्या मनांत येथें सह्याद्रीचा विचार आला असेल. तेथील कातळ तर याच जातीचा, सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हाचा. मग त्यावर असें रोगण कां नाहीं? कारण पाऊस. रोगणाला पाणी हवें, पण तें थेंबाथेंबानें. कोंकणघाटाच्या धारा धूळ ठरूंच देत नाहींत. ओलाव्यानें शेवाळ व दगडफूल वाढतें, त्यांचीं आम्लें पुट तर खातातच, खडकालाहि पोखरतात. पृष्ठभागच टिकत नाहीं, तेथें त्यावरील लेखन कसलें टिकणार? घाटांतील कड्यांवर दिसणारे काळे ओघळ बहुशः शेवाळाचे असतात. उलट पाऊस अजीबातच नाहीं अशा ठिकाणींहि रोगणाची वाढ खुंटते. वाळवंटाचा मधला, कंजूष पण अगदींच निर्दय नसलेला प्रकार त्याला मानवतो.

ज्वालामुखी प्रदेशांत पुटें एकाच तऱ्हेचीं नसतात, हेंहि सांगितलें पाहिजे. हवाई बेटावरील किलाउएआ ज्वालामुखीच्या आडोशाला काऊ नांवाचें वाळवंट आहे. तेथें १९७४ सालच्या लाव्हावर कांहीं दशकांतच पांढुरकें, कांचेसारखें पुट चढलेलें आढळलें. ज्वालामुखीच्या गंधकयुक्त वायूंनीं तेथील धुकें व पाऊस आम्ल होतात. तें पाणी लाव्हाच्या कांचमय पृष्ठभागाला विरघळवितें, आणि सुकतांना त्यांतील सिलिका तेथेंच पुन्हां बसते. हें पुट मात्र बहुतांशीं खडकाच्याच अंगचें. घामाची जुनी कल्पना मोहावींत चुकली, पण हवाईंत तिला थोडी जागा मिळाली.

अशा पुटांची चर्चा आतां मंगळापर्यंत पोंचली आहे, कारण मंगळ हा मोठ्या प्रमाणावर कोरडा लाव्हाच आहे. गेल विवरांत फिरणाऱ्या 'क्युरिऑसिटी' यंत्रयानाला खडकांच्या कांहीं भेगांत मँगॅनीजचीं भस्में भरपूर सांपडलीं, आणि २०२१ च्या फेब्रुवारींत येझेरो विवरांत उतरलेल्या 'पर्सिव्हिअरन्स'ला अनेक खडकांवर जांभळट पुटें दिसलीं. मोहावींतील पुट जिवाणूंनीं घडविलें कीं नुसत्या उन्हापाण्यानें, हा प्रश्न त्यामुळें केवळ हौशी राहिलेला नाहीं.

आतां राहिली ती साक्षीदाराची हकीगत. काळें पुट आणि आंतील फिकट दगड, अशी पाटी निसर्गानें तयार करून ठेवल्यावर मनुष्य त्यावर लिहिल्यावांचून कसा राहील? एका दगडानें दुसऱ्यावर ठोसे मारले कीं पुट उडतें आणि फिकट आकृति उमटते. कॅलिफोर्नियांतील कोसो डोंगरांत काळ्या लाव्हावर रानमेंढ्यांचीं हजारों चित्रें अशा रीतीनें कोरलेलीं आहेत. चित्रें कोणत्या काळचीं, हें मात्र दगड सांगत नाहीं. १९८३ सालीं एक युक्ति सुचविण्यांत आली. चित्र कोरल्यावर त्या उघड्या भागावर पुन्हां रोगण चढूं लागतें. त्यांतील पोटॅशियम व कॅल्शियम हे पदार्थ पावसानें हळूहळू धुपून जातात. टायटॅनियम मात्र राहतो. तेव्हां त्यांचें गुणोत्तर जितकें उतरलेलें, तितकें रोगण जुनें. वय ठाऊक असलेल्या लाव्हावरून ही मोजपट्टी आंखण्यांत आली, आणि कोसोंतील कांहीं चित्रांना दहा हजार वर्षांहून कितीतरी अधिक वय मिळालें. त्या वेळीं अमेरिकेंत मनुष्य सुमारें तेरा हजार वर्षांपूर्वींच आला, असें मानणारांचा पक्ष प्रबळ होता. त्या पक्षाला धक्का देणारा पुरावा आतां खडकांवरच मिळाला, असें अनेकांना वाटलें.

मग तपासणी सुरू झाली. टायटॅनियम मोजण्याच्या पद्धतींत क्ष-किरणांचा उपयोग होत असे, आणि रोगणांत असणाऱ्या बेरियमचे क्ष-किरण टायटॅनियमच्या किरणांना इतके लगटून असतात, कीं एकाचें माप दुसऱ्याच्या पदरांत पडतें. १९९१ च्या सुमारास ही चूक दाखविण्यांत आली. खरवडतांना खालच्या खडकाचे कण नमुन्यांत मिसळतात, हा दुसरा आक्षेप. गुणोत्तराची पट्टी डळमळली, तेव्हां पुटाखालीं अडकलेल्या कार्बनाचें वय काढण्याच्या पद्धतीवर भर आला. १९९८ सालीं दुसऱ्या शास्त्रज्ञांनीं तशा नमुन्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत दोन जातींचे कण होते: कांहीं दगडी कोळशासारखे व फार जुने, कांहीं लांकडी कोळशासारखे व पुष्कळ तरुण. दोहोंची सरासरी घेतली म्हणजे येणारें वय हें कोणाचेंच वय नव्हे. ते कण तेथें आले कसे, यावर कडवट वाद झाला, त्यांत शिरण्याचें कारण नाहीं. परिणाम एवढा झाला, कीं त्या पद्धतीनें काढलेल्या तारखांवर कोणी विसंबून राहीना. मनुष्य तेरा हजार वर्षांपूर्वींहि अमेरिकेंत होता, हें पुढें दुसऱ्या, भक्कम पुराव्यांनीं बहुतेकांनीं मान्य केलें; म्हणजे निष्कर्ष अगदींच खोटा नव्हता, पण त्याला आधार म्हणून दिलेली साक्ष टिकणारी नव्हती. शास्त्राच्या न्यायालयांत या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात.

न्यू मेक्सिकोंतील आल्बुकर्की शहराच्या पश्चिमेस दीड-दोन लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्हाची १७ मैल लांबीची कड आहे. तिच्या काळ्या धोंड्यांवर वीस हजारांहून अधिक चित्रें आहेत: पक्षी, सर्प, मुखवटे, तारे, हाताचे पंजे. बहुतेक चित्रें इ. स. १३०० ते १६८० या काळांत प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांनीं कोरलीं. हा काळ रोगणावरून नव्हे, तर मडक्यांवरील व भिंतींवरील नक्षीशीं तुलना करून ठरविला आहे. कांहीं क्रूस पुढें आलेल्या स्पॅनिश लोकांचे. १९९० सालीं ही कड राष्ट्रीय स्मारक ठरली. तेवढ्यांत शहर वाढत वाढत तिच्या पायथ्याशीं आलें, आणि रस्त्यासाठीं जागा हवी झाली. प्वेब्लो लोकांना ही जागा पवित्र; त्यांनीं विरोध केला. १९९८ सालीं कायद्यानें स्मारकांतून एक पट्टा वगळण्यांत आला, आणि पुढें रस्ता झाला. अमेरिकेच्या पश्चिम भागांत रस्त्यासाठीं फोडलेल्या डोंगरांचे पांढरे घाव डोळ्यांना खुपूं नयेत, म्हणून त्यांवर लोह व मँगॅनीजचीं द्रावणें फवारून कृत्रिम काळेपणा आणण्याची युक्तीहि निघाली आहे. दुरून पाहणाराला ती फसविते.

आल्बुकर्कीच्या धोंड्यांवर सहाशें वर्षांपूर्वीं उमटलेला पंजा आजहि फिकट राखी दिसतो, कारण एवढ्या अवधींत त्यावर नव्या रोगणाचे फार तर चार दोन मायक्रॉन बसले असतील. त्याच्या शेजारीं कोठें बंदुकीच्या गोळ्यांच्या खुणा आहेत, कोठें हौशी लोकांनीं खिळ्यानें कोरलेलीं आपलीं नांवें. तीं पंजाहूनहि पांढरीं दिसतात. स्मारकाचे रखवालदार येणारांना चित्रांना हात लावूं देत नाहींत, कारण तळहाताचा तेलकट घामहि पुटाला बाधतो. गोळ्यांच्या त्या खुणांवर धूळ बसते आहे, पहाटे दंव पडतें आहे, आणि कागदाएवढें पुट यावयास तेथें अजून कित्येक हजार वर्षें आहेत.